स्वदेशी इंधनाचे गणित

वणी परिसरातील कोळसा, मुकुटबनकडची चुनखडी आणि जिल्हाभरच्या जिनिंगमधून निघणाऱ्या कापसाच्या गाठी ही यवतमाळ जिल्ह्याची संपदा बहुतांशी ट्रकांच्या चाकांवरून बाहेर जाते. पांढरकवड्यावरून श्रीनगर-कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्ग गेला आहे, तर नागपूर-तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जिल्हा तिरपा छेदत जातो. यवतमाळला मूर्तिजापूरशी जोडणारी ‘शकुंतला’ १९९४ मध्ये वाफेवरून डिझेलवर आली आणि पुढे थांबली. वर्धा-नांदेड लोहमार्गावरील गाडी कळंबपर्यंत पोचायला २०२४ साल उजाडले. मधल्या काळात सारा भार रस्त्याने वाहिला आणि रस्त्याचा प्राण डिझेल हाच राहिला. डिझेल महागले की ट्रकचे भाडे वाढते आणि भाडे वाढले की व्यापारी ते कापसाच्या भावातून वळते करून घेतो. नांगरणीपासून मळणीपर्यंतची कामे ट्रॅक्टरवर गेल्याने तोच बोजा शेतकऱ्याच्या डोक्यावर दुसऱ्यांदा येतो. ज्या जिल्ह्याचे नाव गेली पंचवीस वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले गेले आहे, तेथे डिझेलचा भाव ही केवळ वाहतूकदारांची तक्रार राहत नाही.

म्हणूनच शेतात आणि रानात पिकणाऱ्या तेलावर ट्रक चालवता येतील, हा विचार या भागात कानाला गोड लागतो. देशाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून येते. १९७३ च्या तेलसंकटाने देशाचे अर्थकारण कसे हादरले आणि १९९०-९१ च्या आखाती संघर्षानंतर परकीय गंगाजळी आटून सोने गहाण टाकण्याची नामुष्की कशी ओढवली, हे त्या पिढीला सांगावे लागत नाही. तेलाच्या नळाची चावी परक्या हाती असलेले राष्ट्र पूर्णार्थाने स्वतंत्र असते का, हा प्रश्न राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्याला अस्वस्थ करतो आणि तो करायलाच हवा. परंतु अस्वस्थतेतून निघालेले उत्तर शेतात आणि इंजिनात टिकले पाहिजे. गेल्या वीस-बावीस वर्षांत या विषयात जे घडले ते पाहता उत्साह भरपूर होता, हिशेब मात्र कच्चा होता, असेच म्हणावे लागते.

दर वर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ मध्ये याच दिवशी शेंगदाण्याच्या तेलावर आपले इंजिन चालवले, असे त्या दिवशीच्या भाषणांतून हमखास सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये ऑग्सबर्ग येथे त्यांचे पहिले प्रायोगिक इंजिन फिरले हे खरे. शेंगदाण्याचे तेल आले ते १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन त्या तेलावर चालवून दाखवले. फ्रेंच सरकारला त्यात रस का होता, हे समजून घेण्यासारखे आहे. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींमध्ये भुईमूग मुबलक पिकत असे आणि तेथील यंत्रांना युरोपातून कोळसा किंवा खनिज तेल नेण्याऐवजी स्थानिक तेल वापरता यावे, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. जे जेथे पिकते ते तेथेच वापरावे, हे तत्त्व वसाहतवाल्यांना स्वार्थापोटी कळले. स्वतंत्र भारताच्या नियोजनकारांना ते फार उशिरा आठवले, आणि आठवले तेव्हा त्यांनी त्याचे अखिल भारतीय उद्दिष्ट करून टाकले.

वनस्पती तेल जसेच्या तसे इंजिनात का चालत नाही, हे साध्या शब्दांत सांगता येते. ते डिझेलच्या दहा-पंधरा पट दाट असते. नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, ज्वलन अर्धवट राहते, काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि इंजिन ऑइल घट्ट होऊ लागते. जुन्या धाटणीचे, सावकाश फिरणारे पंपाचे इंजिन हा अत्याचार काही काळ सोसते. महामार्गावर वीस-पंचवीस टन ओढणारे ट्रकचे इंजिन तो सोसत नाही. यावरचा उपाय बेल्जियमच्या शावान यांनी १९३७ मध्ये पेटंट घेऊन नोंदवला. तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून त्यातील ग्लिसरीन वेगळे काढायचे. मागे उरते ते पातळ, डिझेलसारखे वाहणारे इंधन. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स आणि लुव्हें यांच्या दरम्यान प्रवासी बस त्यावर धावली. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात ते हेच. शंभर किलो तेलाला साधारण दहा-अकरा किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक लागतो, तर शंभर किलोच्या आसपास इंधन आणि दहा किलो ग्लिसरीन हाती येते. करंज किंवा मोह यांच्या तेलात आम्लाचे प्रमाण जास्त असल्याने ही प्रक्रिया दोन टप्प्यांत करावी लागते. म्हणजे हे काम रसायनशास्त्राचे भान असलेल्या माणसाचे आहे. तेलाचा डबा टाकीत रिकामा करणे याला बायोडिझेल म्हणत नाहीत.

भारतात या विषयाला राजमान्यता मिळाली ती अटलजींच्या काळात. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळलेल्या इंधनावर धावली. एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचे आणि त्यासाठी १ कोटी १२ लाख हेक्टरांवर जट्रोफा, म्हणजे मोगली एरंड लावायचा, असा त्याचा आराखडा होता. डॉ. अब्दुल कलाम यांनी राष्ट्रपतिपदावरून १४ ऑगस्ट २००५ च्या भाषणात ऊर्जा-स्वातंत्र्याचे स्वप्न मांडले, त्यातही पडीक जमिनीवरील जट्रोफाला स्थान होते. स्वप्न उदात्तच होते, पण त्याचे शेतीशास्त्र चाचणीवाचून गृहीत धरले गेले होते. हेक्टरी २५०० झाडे, झाडागणिक दीड किलो बी, म्हणजे हेक्टरी पावणेचार टन, हे आकडे पाणी, खत आणि चांगली जमीन मिळालेल्या झाडाला शोभणारे होते. मुरमाड माळरानावर, चार महिन्यांच्या पावसावर जगणाऱ्या झाडाकडून एक टन बी मिळणेही कठीण झाले. जट्रोफा दुष्काळात मरत नाही हे खरे. मरत नाही आणि फळतही नाही, हे शेतकऱ्याला रोपे लावून झाल्यावर कळले.

‘पडीक’ या शब्दाचाही विचार तेव्हा कोणी केला नाही. सरकारी दप्तरात जी जमीन पडीक म्हणून नोंदली असते, ती गावाच्या लेखी गुरांचे कुरण असते. विदर्भात तिला ई-क्लास म्हणतात आणि गावाची निम्मी गुरे त्याच जमिनीवर चरतात. जट्रोफाच्या पानाला जनावर तोंड लावत नाही. त्याच्या बिया विषारी असून त्या खाऊन मुले दवाखान्यात गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अनेकदा आल्या आहेत. गोधन हा कोरडवाहू शेतीचा कणा मानणाऱ्या समाजात गायरान मोडून ट्रकचे इंधन पिकवण्याची योजना स्वदेशी कशी म्हणायची? दिल्लीच्या नकाशावर रिकामी दिसलेली जागा गावात रिकामी नव्हती, एवढे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

पुढे संयुक्त पुरोगामी आघाडीच्या राजवटीत खरेदी-धोरण आले. ऑक्टोबर २००५ मध्ये जाहीर होऊन १ जानेवारी २००६ पासून ते लागू झाले. तेल कंपन्यांनी ठराविक केंद्रांवर बायोडिझेल घ्यायचे आणि भाव लिटरला २५ रुपये द्यायचा. हा भाव ठरवताना बी गोळा करणाऱ्याचा हिशेब कोणी मांडला असेल असे वाटत नाही. खेड्यातल्या एक्स्पेलरवर साधारण चार किलो बियांतून एक लिटर तेल निघते. २५ रुपयांतून मिथेनॉल, गाळप, वीज, वाहतूक आणि कारखानदाराचा नफा वजा केला तर बियांच्या वाट्याला किलोमागे चार-पाच रुपयेही उरत नाहीत. भर उन्हात रान तुडवून, शेंगा फोडून, बी वाळवून आणणाऱ्या बाईने ते कोणत्या हौसेने आणावे? खरेदी केंद्रे उघडली आणि बायोडिझेल जवळजवळ आलेच नाही. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २० टक्क्यांची मुदत २०१७ पर्यंत पुढे ढकलली. २०१८ च्या धोरणाने उद्दिष्टच ५ टक्क्यांवर आणले आणि मुदत दिली २०३० ची. प्रत्यक्षातले मिश्रण आजवर एका टक्क्याच्या आतच रेंगाळले आहे.

याच काळात इथेनॉलचे मात्र सोने झाले. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० चे होते. ते अलीकडे आणले गेले आणि २०२५ मध्ये गाठलेही गेले. राष्ट्राच्या दृष्टीने ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण दोन इंधनांच्या नशिबात इतका फरक का पडला, हे विचारल्यावाचून राहवत नाही. उसामागे सहकारी साखर कारखाने होते, बंधारे-कालव्यांचे पाणी होते, दर वर्षी ठरणारा खरेदी-भाव होता, व्याजात सवलत होती आणि विधिमंडळात आवाजही होता. करंज-मोहाच्या बिया वेचणाऱ्या कोलाम, गोंड, आंध बांधवांमागे यातले काहीही नव्हते. कोरडवाहू यवतमाळच्या वाट्याला घोषणा आली आणि बागायती पट्ट्याच्या वाट्याला बाजारपेठ आली. हा दोष विज्ञानाचा नव्हे, धोरणाचा आहे, आणि तो कोणत्याही एका पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

तेलावर इंजिन चालवण्याचा जो प्रयोग यवतमाळच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत प्रामाणिकपणे झाला, तो पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चारही भाषा जेथे एकाच बाजारात ऐकू येतात असा हा मुलूख. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. उडिपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातील खेड्यांत करंजाच्या तेलावर डिझेल इंजिने चालवून पाहिली होती. तोच धागा धरून आदिलाबादच्या चालपडी या वनवासी पाड्यात करंज-तेलावर जनित्रे चालली आणि घरांत दिवे लागले. जवळच्या पॉवरगुडा गावात गोंड व कोलाम महिलांच्या बचत गटांनी तेलाचा घाणा चालवला, करंजाची रोपे तयार केली, हजारोंनी लावली. करंज हे झाड तेथल्या माणसाला शिकवावे लागले नाही. त्याचे तेल दिव्याला, अंगाच्या खरजेला, बैलाच्या जखमेला पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. सरकारी कागदांनी लादलेल्या परदेशी झुडपाऐवजी बांधावरचे ओळखीचे झाड निवडले, म्हणूनच तेथे काही उभे राहिले.

या पॉवरगुडाची कीर्ती मात्र निराळ्याच कारणाने जगभर झाली. करंज-तेलामुळे दहा वर्षांत टळणाऱ्या १४७ टन कार्बन डायॉक्साइडचे श्रेय या महिलांनी २००३ मध्ये जागतिक बँकेला विकले. वॉशिंग्टन येथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेमुळे जे प्रदूषण झाले, त्याची भरपाई म्हणून बँकेने ते विकत घेतले आणि मोबदला दिला ६४५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने तीस हजार रुपयांच्या आतच. विमानाने येऊन पर्यावरणावर चर्चा करणाऱ्यांचे पाप पैनगंगेपलीकडच्या वनवासी भगिनींनी धुऊन काढले आणि त्याची ही दक्षिणा! या प्रकाराचे कौतुक इंग्रजी नियतकालिकांत भरभरून झाले. त्या गावांना बियांचा बारमाही खरेदीदार मिळवून देण्याचे काम मात्र कौतुक करणाऱ्यांच्या यादीत नव्हते. वीजवाहिनी गावात आली की जनित्र मागे पडते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. प्रयोगाचा आधार केवळ दिव्यापुरता ठेवला तर तो विजेच्या खांबापाशी संपतो.

आता ट्रकच्या गणिताकडे येऊ. एक मोठा ट्रक वर्षाला ६० हजार किलोमीटर धावला आणि लिटरला चार किलोमीटर गेला, तर त्याला १५ हजार लिटर इंधन लागते. ते सारे करंजाचे म्हटले तर ६० टन बी हवे. मोठ्या झाडाला वर्षाकाठी सरासरी २० किलो बी धरले, तर एका ट्रकसाठी ३००० झाडे होतात. २० टक्के मिश्रणाला ६०० आणि ५ टक्क्यांना १५० झाडे लागतील. करंजाला फळ धरायला पाच-सात वर्षे जातात, हे विसरता कामा नये. वणीच्या खाणींवर रांगेत उभे राहणारे ट्रक मोजले तर त्यांना पुरे पडेल एवढे करंजाचे रान जिल्ह्यात कोठे उभे करणार? देशाचे चित्र याहून बोलके आहे. भारतात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जळते. त्याचे २० टक्के म्हणजे १ कोटी ८० लाख टन. देश बाहेरून जेवढे खाद्यतेल आणतो, तेही वर्षाला साधारण १ कोटी ६० लाख टन आहे! ज्या देशाला आपली फोडणी परदेशी पामतेलावर द्यावी लागते, त्याने सोयाबीन, सरकी किंवा भुईमुगाचे तेल ट्रकच्या टाकीत ओतण्याची भाषा करू नये.

सरकीचा मुद्दा यवतमाळमध्ये वारंवार निघतो, कारण चार लाख हेक्टरांहून अधिक कापूस पेरणाऱ्या जिल्ह्यात सरकीला तोटा नाही. क्विंटलभर कापसातून ६४-६५ किलो सरकी आणि तिच्या गाळपातून आठ किलोच्या आसपास तेल मिळते. पण हे तेल आजही माणसांच्या पोटात जाते आणि ढेप गुरांच्या. तेथून ते काढून इंजिनाला देणे हा उलटा व्यवहार ठरेल. तेल शुद्ध करताना जो साबणी गाळ उरतो, तो मात्र बायोडिझेलसाठी चालतो आणि त्याने कोणाचा घास हिरावला जात नाही. जिल्ह्यातील सरकी बाहेर जाऊन गाळली जाते तोवर हा गाळही दुसऱ्याच्याच अंगणात पडणार. वर्ध्याला मगनवाडीत १९३० च्या दशकात सुधारित तेलघाणी घडवण्याचे काम झाले. पेंड गावात राहिली तर गाय जगते आणि गाय जगली तर शेत जगते, हे त्या घाणीमागचे अर्थशास्त्र होते. पंडित दीनदयाळजींनीही १९६५ च्या मुंबईतील व्याख्यानांत यंत्र हे माणसाचे सहायक असावे, प्रतिस्पर्धी नव्हे, अशी मांडणी केली. सेवाग्रामची परंपरा आणि एकात्म मानवदर्शन येथे एकाच घाण्याभोवती फिरताना दिसतात, ही गोष्ट दोन्हीकडच्या अभिमान्यांना फारशी रुचणार नाही, पण ती खरी आहे.

मग करंजाचे काय? केंद्राने गौण वनोपजाला किमान आधारभूत भाव देण्याची योजना २०१३-१४ पासून सुरू केली. २०२० मध्ये करंजाच्या बियांचा भाव किलोला २२ रुपये आणि मोहाच्या बियांचा २९ रुपये ठरला. चार किलो करंज-बी घेतले की ८८ रुपये होतात. गेली काही वर्षे डिझेल नव्वदीच्या आसपास राहिले आहे. म्हणजे वेचणाऱ्याला न्याय्य भाव दिला तर करंजाचे बायोडिझेल डिझेलहून स्वस्त पडत नाही, आणि ते स्वस्त पाडायचे तर वेचणाऱ्याला नागवावे लागते. या पेचातून सुटायची वाट पेंडीत आहे. करंजाची पेंड कडू असल्याने गुरे खात नाहीत, पण ती नत्राने समृद्ध असते, जमिनीतील किडीला आवर घालते आणि कापसाच्या शेताला रासायनिक खताची बचत करून देते. चार किलो बियांमागे तीन किलो पेंड गावात राहिली आणि तिची किंमत हिशेबात धरली, तरच ताळेबंद जुळतो. शिवाय साबण व सेंद्रिय कीटकनाशके बनवणारे करंज-तेलाला इंधनाहून चढा भाव देतात. ज्या तेलाला बाजारात अधिक भाव आहे ते जाळू नये, एवढा व्यवहार शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. ट्रकसाठी नव्हे तर गावच्या पंपासाठी, ट्रॅक्टरसाठी, हंगामी मळणी यंत्रासाठी, आणि तेही बाजार पडलेला असेल तेव्हा, असा या तेलाचा उपयोग राहील. दहा झाडांच्या बांधावरून वर्षाला पन्नास लिटर तेल निघते. ट्रकच्या लेखी ते जेमतेम एका दिवसाचे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेखी संरक्षित पाण्याच्या दोन पाळ्या त्यात होतात आणि उभे पीक वाचते.

मोहाविषयी तर अधिकच जपून बोलले पाहिजे. कोलाम पोडांवर मोहाच्या बियांचे तेल स्वयंपाकात वापरले जाते. ते इंधनासाठी उचलले तर त्या घरांनी बाजारातून पामतेलाची पिशवी आणायची काय?

शेतात जमा-खर्च जुळला नाही तेव्हा ‘बायोडिझेल’ हे नाव भलत्यांच्याच हाती गेले, हा या कथेतील सर्वांत क्लेशकारक भाग. २०१९ मध्ये केंद्राने बायोडिझेलच्या किरकोळ विक्रीला नियमांसह मुभा दिली. डिझेल आणि बायोडिझेल यांच्या करातील तफावतीवर डोळा ठेवून महामार्गांच्या कडेला, ढाब्यांच्या आडोशाला, टाक्या आणि नळ्या उभ्या राहिल्या. त्यातून विकले जाणारे द्रव अनेकदा ना करंजाचे असते ना कोणत्या बियांचे. औद्योगिक तेले आणि द्रावके यांचे मिश्रण करून ते ‘बायो’ म्हणून लिटरमागे काही रुपये स्वस्त दिले जाते. गुजरात आणि महाराष्ट्रात यावर छापे पडले. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाला बायोडिझेलचे उत्पादन, साठवण, पुरवठा व विक्री यांसाठी स्वतंत्र धोरण करावे लागले, ते याच पार्श्वभूमीवर.

यात नागवला जातो तो एक-दोन ट्रकांचा मालक. बँकेचा हप्ता, टोल, टायर आणि चालकाचा भत्ता भागवून एका खेपेत हाती जे उरते, त्यात हजार किलोमीटरमागे साडेतीन-चार हजार रुपयांची बचत त्याला खुणावते. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत-६ श्रेणीच्या ट्रकांत इंधन अतिशय उच्च दाबाने फवारले जाते आणि धुरासाठी नाजूक गाळण्या बसवलेल्या असतात. अशा इंजिनात हे मिश्रण गेले की इंजेक्टर आणि पंप यांचे काम निघते, आणि वर्षभरात वाचवलेले पैसे एका फेरीत मिस्त्रीच्या हाती जातात. द्रावके मिसळलेले तेल लवकर पेट घेते, तो जिवाचा धोका वेगळाच. अस्सल बायोडिझेल याबाबतीत डिझेलहून सुरक्षित असते. भारतीय मानक ब्युरोने २००५ मध्येच त्याचे मानक ठरवले आहे आणि ७ टक्क्यांपर्यंत त्याचे मिश्रण नेहमीच्या डिझेलच्या मानकातच बसते. तेवढ्या प्रमाणात इंजिनाला इजा तर नाहीच, उलट गंधक काढून टाकल्याने कोरड्या पडलेल्या डिझेलला त्याने वंगण मिळते. वीस टक्क्यांच्या पुढे जुन्या गाड्यांचे रबरी वॉशर फुगतात, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो, आणि साठवलेले इंधन ओलावा धरते. म्हणून ट्रकवाल्याने मिश्रण स्वतः करू नये. ते तेल कंपनीच्या आगारातूनच यावे. स्वदेशीच्या नावावर भेसळ विकणारा माणूस परदेशी मालाच्या दलालाइतकाच स्वदेशीचा घात करतो, आणि त्याच्यावरची कारवाई राजकीय ओळखीपाशी थांबते तेव्हा तो घात अधिक खोल जातो.

जिल्ह्यात आजच हाती लागेल असा कच्चा माल शोधायचा तर तो रानात कमी आणि कढईत जास्त आहे. हॉटेले, फरसाणाचे कारखाने, मंगल कार्यालये आणि महाप्रसादाच्या पंक्ती यांतून तळून काळे झालेले तेल जाते कोठे? पुष्कळदा ते स्वस्तात हातगाड्यांवर पोचते आणि शाळेच्या फाटकाबाहेर पुन्हा उकळते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून अशा तेलातील ध्रुवीय घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवली आणि त्याच वर्षी वापरलेले तेल बायोडिझेलकडे वळवण्याची योजना आखली. पुढच्या वर्षी तेल कंपन्यांनी शंभर शहरांसाठी अशा इंधनाची मागणी नोंदवली. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड यांच्या हॉटेलांतील तेल नागपूरच्या प्रक्रियाकेंद्रापर्यंत नियमित पोचवायचे तर लागतात ती काही पिंपे, एक वजनकाटा आणि चोख हिशेब ठेवणारे चार तरुण. गणेशोत्सव मंडळे, बचत गट आणि शाखांचे कार्यकर्ते यांना हे काम अवघड नाही. लग्नाच्या हंगामात एका मंगल कार्यालयातून निघणाऱ्या तेलाचा भाव लावला तर गावच्या अभ्यासिकेची वीज त्यातून भागू शकेल. आणि घरोघरच्या गृहिणींनी दिवाळीची कढई तिसऱ्यांदा न तापवता ते तेल बाटलीत भरून ठेवले, तर राष्ट्राला तेल मिळेल ते मिळेल, घरच्या माणसांच्या काळजावरचा भार आधी हलका होईल.

शासनाकडून जे हवे ते फार नाही. इथेनॉलसारखाच निश्चित, पण पाच वर्षांसाठी ठरलेला खरेदी-भाव बायोडिझेललाही मिळावा आणि त्यात बी वेचणाऱ्याचा आधारभूत भाव आधी धरला जावा. भेसळीच्या टाक्यांवर पुरवठा खात्याने नमुने घेऊन कारवाई करावी आणि नमुन्यांचे निकाल जाहीर करावेत. ई-क्लास जमिनीला हात न लावता रस्त्याच्या कडा, कालव्यांचे काठ आणि शेतांचे बांध यांवर करंज लावण्याला रोजगार हमीतून मजुरी द्यावी. पेसा आणि वनाधिकार कायद्यांनी गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला दिली आहे. तेव्हा केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांत घाणा बसवायचा तर तो ग्रामसभेच्या नावावर बसावा, नागपूरच्या व्यापाऱ्याच्या नव्हे.

याला एक मुदतही आहे. करंजाच्या शेंगा चैत्र-वैशाखात पक्व होतात. त्या वेळी पोडावर पैसा नसतो, शेतीचे काम नसते आणि पेरणीच्या बियाण्यासाठी सावकाराच्या दाराशी जाण्याचे दिवस जवळ आलेले असतात. खरेदीचा काटा त्या पंधरवड्यात गावात लागला तर बियांचे पैसे बियाण्याला येतात. निविदा आणि मंजुरी यांत जून उजाडला, तर मृगाच्या सरींत बी भिजते, त्यातले आम्ल वाढते आणि त्या तेलाचे धड इंधनही होत नाही.